हबवरचं साल

अट एकच. कोणाला साल विचारायचं नाही.

वर्सोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीत पाय ठेवलात की फोन, घड्याळ, वर्तमानपत्र सगळं अलीकडे सोडायचं. खाडी ओलांडायला पाचेक मिनिटं लागतात. पलीकडे मढच्या जेटीवर उतराल तेव्हा कुठलं साल असेल, ते तुम्हालाच ओळखायचं आहे, आणि तेही रस्त्यावरच्या सायकलींवरून. खिशात चार वस्तू असू द्या: झिजलेला टूथब्रश, रॉकेलची लहान बाटली, खडूचा तुकडा आणि भिंग.

बोट सुटण्याआधी एवढं ऐका. रंग, चकचकीतपणा आणि विकणाऱ्याची गोष्ट या तिन्हींवर विसंबू नका. मढचा खारा वारा रंग उडवतो, क्रोम फोडतो, स्टिकर तर दोन पावसाळ्यांत नाहीसा करतो. टिकतं ते लोखंडावर ठोकलेलं. म्हणून सायकलीवर ठोकलेलं सगळ्यात अलीकडचं साल शोधायचं, कारण तुम्ही ज्या दिवशी उभे आहात तो दिवस त्याच्या आधीचा असूच शकत नाही. सगळ्यात जुनं साल ही वेगळी गोष्ट. ते सायकलीच्या जन्माचं असू शकतं, किंवा कुठल्या तरी मेलेल्या सायकलीचा भाग हिला बसवलेला असू शकतो.

बोट धक्क्याला लागते. बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेत, त्यांचा वास नाकात शिरतो. चहाच्या टपरीला टेकवून एक रेसची सायकल उभी आहे. खाली वळलेलं हँडल, बोटभर रुंदीचे टायर, ना मडगार्ड ना कॅरिअर. तिचा मालक पोरगेलासा, बाकड्यावर बसून बनपाव खातोय. सकाळीच मालाडहून मार्व्यावरून आला असणार. मुंबई-पुणे शर्यतीची तयारी चाललीय त्याची. बोरघाट सगळ्यात आधी चढून जाणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, तो किताब याच्या डोळ्यांत दिसतो.

सायकल हातात घ्यायला परवानगी मागा. तो देईल. असल्या पोरांना आपली सायकल कोणी निरखून पाहिली की आनंदच होतो.

फ्रेमचा रंग ताजा आहे, म्हणजे फ्रेमकडून आत्ता काही कळणार नाही. मागच्या चाकाशी खाली वाका. चेन एका दात्यावरून दुसऱ्या दात्यावर ढकलणारा जो डिरेलर आहे, त्याची आतली बाजू बघायची. तिथे तेलाची काळी पुटं चढलेली असतात. ब्रश रॉकेलमध्ये बुडवा, चार वेळा घासा. आता भिंग लावा: दोन बारीक इंग्रजी अक्षरं, जी आणि सी. शिमानो या जपानी कारखान्याची ही खूण आहे. पहिलं अक्षर सालाचं, दुसरं महिन्याचं. ए म्हणजे १९७६, बी म्हणजे १९७७, असं बोटं मोडत गेलात की जी १९८२ वर येतो. महिन्यांत ए जानेवारी, म्हणून सी मार्च. मार्च १९८२. त्याच वर्षाच्या अखेरीस दिल्लीत एशियाड झालं.

म्हणजे आज मार्च १९८२ च्या आधीचा दिवस नाही, एवढं पक्कं. पण किती पुढचा? तो सुटा भाग कुणाच्या तरी आखातातल्या भावानं पाठवला असेल, वर्षभर ट्रंकेत पडून राहिला असेल. आता अक्षरं सोडून झीज बघा. डिरेलरमधल्या त्या दोन लहान दातेरी चाकांचे दाते अजून चौकोनी आहेत. हजारो किलोमीटर चेन फिरली की तेच दाते माशाच्या काट्यासारखे टोकदार होतात. इथे तसं काही नाही. तेव्हा १९८२ किंवा ८३, फार तर ८४.

त्याच्याबरोबरचा दुसरा पोरगा आता येऊन टेकलाय. त्याच्या सायकलीच्या पुढच्या हबकडे, म्हणजे चाकाच्या मधल्या नळकांड्याकडे, जरा बघून घ्या. एक्सलच्या टोकाला जो लॉकनट असतो, त्याच्यावर इटलीचा काम्पान्योलो कारखाना सालाचे शेवटचे दोन आकडे ठोकत असे. तिथे ६८ दिसतंय. चाक १९६८ चं, पोरगा त्याच्याही नंतरचा. कुणा मोठ्या रायडरनं वापरून दिलेलं चाक असावं. शर्यतीच्या जगात सुटे भाग असेच हातोहात पुढे जातात, म्हणून एका सायकलीला एकच साल चिकटवण्याची घाई करू नये. आपल्याकडे जुन्या सायकलीची किंमत सांगताना हमखास हीच घाई होते, आणि त्यात सायकलीचा सगळा इतिहास पुसला जातो.

बोटीत परत या.

या खेपेला उतरताच समोरून येणारी सायकल बघून तुम्ही म्हणाल, ही तर ब्रिटिशांच्या काळातली. काळी, उंच, आडवी दांडी, ब्रेकला तारेऐवजी लोखंडी सळ्या, जाड कमानीचा मडगार्ड, मागच्या रुंद कॅरिअरवर मासळीची पाटी, पाटीतून बर्फाचं पाणी ठिबकतंय. रॉड-ब्रेकची सायकल म्हणजे ब्रिटिशकालीन, हा आपल्याकडचा सर्वात मोठा गैरसमज आहे. ब्रिटिशांच्या काळात बर्मिंगहॅम आणि नॉटिंगहॅमला जो आकार पक्का झाला, तोच आकार भारतातले कारखाने पुढे कित्येक दशकं काढत राहिले. सोनिपतचा ॲटलस १९५१ चा, लुधियानाचा हिरो १९५६ चा, मद्रासजवळच्या अंबत्तूरचा टीआय १९४९ चा. दुधवाला, पोस्टमन, गिरणीकामगार, शाळामास्तर या सगळ्यांना तीच सायकल हवी होती. ओझं वाहणारी, गल्लीतल्या मिस्त्रीला उघडता येणारी. म्हणून आकारावरून साल सांगणारा माणूस भारतात हमखास फसतो. इथे बारकावे वाचावे लागतात.

मासळीवाला टायरमध्ये हवा भरायला थांबलाय. दुकान म्हणजे झापाचं छप्पर, पाण्याचं घमेलं, भिंतीला टांगलेल्या ट्यूबा आणि भाड्याच्या चार सायकली. मिस्त्री चाकाचा आऊट काढतोय. चाक फिरवायचं, बोट रिमजवळ धरायचं, जिथे रिम बोटाला शिवेल तिथली पलीकडच्या बाजूची तार पान्यानं पाव फेरा आवळायची. त्याला विचारा, सायकल उलटी करू का. पाटी उतरवून घ्यायला मासळीवाला कुरकुरेल, कारण बर्फ वितळतोय. पाच मिनिटं मागून घ्या.

हँडलच्या खाली, फ्रेमच्या कपाळावर पट्टी आहे: हिंद. ही मुंबईतलीच, वरळीच्या कारखान्यातली. पुढे १९८० साली संसदेनं कायदा करून हिंद सायकल्स आणि आसनसोलची सेन-रॅले या दोन्ही कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण केलं, आणि वरळीचा कारखाना नॅशनल बायसिकल कॉर्पोरेशनकडे गेला. कपाळपट्टीवरून कारखाना कळला, साल नाही.

सीटखालच्या उभ्या नळीवर दुकानदाराचं स्टिकर आहे, अर्धं सोललेलं. भिंग धरा. काळबादेवी रोड, बॉम्बे, आणि पुढे फक्त २. सहा आकडी पिनकोड नाही. पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला. त्यानंतर छापलेल्या स्टिकरवर ४०० ००२ असायला हवं होतं. जुने छापलेले गठ्ठे संपेपर्यंत दुकानदार वापरत असणारच, म्हणून वर्ष-दोन वर्षांची सूट द्या. तरी वरची मर्यादा मिळाली.

आता खालची. पायडलच्या बाजूला आणि चेनकव्हरवर आयएसआयचा शिक्का शोधा. तो पायडलवर आहे. हा शिक्का देण्याची योजना १९५५ च्या सुमारास सुरू झाली, म्हणजे पायडल त्याआधीचं नाही. १९५५ आणि १९७२, सतरा वर्षांचा पट्टा. अजून आवळता येईल का?

मान वर करा. दुकानाच्या फळीवर खडूनं लिहिलंय: तासाला १० नये पैसे. दशमान नाणी सुरू झाली १ एप्रिल १९५७ ला. त्यांना ‘नये’ म्हणणं सरकारनं १ जून १९६४ ला बंद केलं. खडूनं लिहिलेली पाटी पावसाळ्यागणिक पुसून नव्यानं लिहावी लागते, म्हणून ती ताजी समजायला हरकत नाही. तुम्ही १९५७ ते १९६४ च्या मध्ये उभे आहात. मढ आणि मालाड या बाजूचा मुलूख नुकताच मुंबई महापालिकेत आलाय, आणि मिस्त्री एका गिऱ्हाइकाला सांगतोय की आता सुधारणा होणार, रस्ता पक्का होणार.

फ्रेमचा नंबर मात्र राहिलाच. पायडलचा एक्सल ज्या आडव्या नळकांड्यातून जातो, त्याच्या बुडाशी तो ठोकलेला असतो. खारं पाणी ठिबकून ठिबकून नेमकं तिथेच साचतं. गंजाची पोळी चढलीय. इथे घाई केलीत, पॉलिशपेपर घेतलात, तर आकडेच खरवडले जातील. रॉकेल सोडा, मिनिटभर मुरू द्या, ब्रशनं एकाच दिशेनं घासा. कोरड्या फडक्यानं पुसा. मग खडू आडवा धरून हलकेच फिरवा. खोलगट आकड्यांत पांढरी पूड बसते आणि एकेक आकडा वर येतो: ४, ७, १ किंवा ७, मग ०, ३. आकड्यांची रांग नीट बघा. सरळ रेषेत नाहीत, तिसरा जरा कलंडलाय. कामगारानं एकेक ठसा हातात धरून हातोडीनं मारलाय. कारखान्याचं रजिस्टर हाताशी नसेल तर या नंबरावरून साल निघत नाही, तो पोलिसांत चोरीची तक्रार लिहायच्या कामाचा. तरी तो उतरवून घ्या. उद्या कोणाकडे पावतीसकट जवळचा नंबर सापडला, तर याच कलंडलेल्या आकड्याला साल मिळेल.

मासळीवाल्याला त्याची सायकल द्या. पाटी चढवायला हात लावा.

तिसऱ्या खेपेला खाडीत शिडाच्या होड्या जास्त आहेत. कोळ्यांच्या होड्यांना इंजिनं बसायला लागली ती १९५० च्या दशकात, म्हणजे तुम्ही त्या दशकाच्या तोंडाशी किंवा त्याआधी आहात. पण नियम सायकलीचा आहे. कान द्या. मागून टिकटिक टिकटिक येतेय, आणि पायडल न मारता एक सायकल उतारावरून तुमच्या शेजारी येऊन थांबते. स्वार मालाडचे डॉक्टर आहेत, हँडलला कातडी बॅग अडकवलेली. ते रोग्याच्या घरात जातात आणि सायकल तुमच्यापुढे भिंतीला टेकवतात.

अशी सायकल समोर आली की मी आधी चेनव्हील, म्हणजे पायडलजवळचं मोठं दातेरी चाक, बघतो. नॉटिंगहॅमच्या रॅलेनं आपल्या चेनव्हीलमध्ये बगळ्याची मुंडकी कापून काढली. रजनं उघडा पंजा घातला, बीएसएनं एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका, कारण तो कारखाना मुळात बंदुकांचाच होता. जाड पोलादात एवढं कोरीवकाम रोज हजारो सायकलींवर, आणि तेही चेनकव्हरच्या आड झाकलं जाणार हे माहीत असून! असं काम करणाऱ्यांविषयी मला मनापासून आदर वाटतो. इथे बगळे आहेत. कपाळपट्टीखाली ‘मेड इन इंग्लंड’.

पण बगळा साल सांगत नाही, आणि कधीकधी कारखान्याबद्दलही चकवतो. रॅलेनं १९३२ मध्ये हंबर विकत घेतली, १९४३ मध्ये रज, १९५७ मध्ये बीएसएच्या सायकली. नावं तीच राहिली, बनवणारे हात बदलले. अशा वेळी आटे मोजायचे. इंग्लंडमधले इतर कारखाने हँडलच्या कपाला आणि पायडलच्या कपाला इंचाला २४ आटे पाडत, रॅले २६ पाडत असे. पंजा रजचा आणि आटे २६ भरले, तर ती रज १९४३ नंतर नॉटिंगहॅमला बनलेली. पाना लावून कप सोडवल्याशिवाय हे कळत नाही, आणि डॉक्टरांची सायकल तुम्ही उघडणार नाही.

गरजही नाही. टिकटिक आली ती मागच्या चाकाच्या जाड हबमधून. स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब, एडब्ल्यू नावाचा, १९३६ पासूनचा. सायकलीच्या वयाचा याच्याइतका सरळ साक्षीदार दुसरा नाही. चाक हळूच फिरवा. तेल घालायच्या छिद्राची टोपी वर येईपर्यंत. त्याच्या आसपास इंग्रजी अक्षरांची ओळ आहे, तिच्यावर धूळ आणि तेलाचा थर. फडक्यानं पुसा. एडब्ल्यू, मग ५१, आणि शेजारी १०. ऑक्टोबर १९५१. हबला महिन्यासकट जन्मतारीख असते. युद्धाच्या आधी ते सालाचा शेवटचा एकच आकडा ठोकत, ८ म्हणजे १९३८. युद्धानंतर दोन आकडे आले.

आता तारा मोजा: पुढे ३२, मागे ४०. इंग्लिश बांधणी. मागच्या चाकाच्या सगळ्या तारा सारख्याच काळवंडलेल्या आहेत, एकही नवी नाही. रिम, तारा आणि हब एकत्र म्हातारे होत आलेत, म्हणजे हब नंतर बसवलेला नाही. हा पुरावा आकड्याइतकाच मोलाचा, पण तो कोणी लिहून ठेवत नाही. फ्रेमच्या मागच्या चिमट्यात एक्सलच्या नटानं पाडलेली गोल खूण एकच आहे, दुसऱ्या मापाच्या नटाची नाही. सायकल आणि हब बरोबरच आले. नॉटिंगहॅमहून जहाजानं मुंबईला, म्हणजे १९५२ च्या आधी डॉक्टरांच्या हातात पडणं अवघड.

घरातून डॉक्टर बाहेर येतात. कुणीतरी त्यांना फी म्हणून एक रुपया आणि काही आणे देतं. आणे. तुम्ही १९५७ च्या आधी असण्याचा संभव मोठा, हे त्या नाण्यांनीही सांगितलं. डॉक्टर टांग टाकतात, अंगठ्यानं हँडलवरची खटकी दाबतात, गिअर पडतो, आणि वाळूतून जाताना पायडल हलकं होतं.

आणखी एकदा मागे जाऊ. या खेपेला थोडा वेळ मिळेल, अंधार पडतोय. भिंतीशी टेकवलेल्या सायकलीचं हँडल काळं आहे, रिमाही काळ्या, कुठेच चकाकी नाही. रंग खरवडून बघा, खाली क्रोम नाही, कधी नव्हतंच. दुसऱ्या महायुद्धात क्रोम आणि निकेल लढाईच्या कामाला लागलं, तेव्हा सायकलींना काळा रंग फासून बाहेर काढलं. असं काळं हँडल सापडलं तर १९४० ते ४५ च्या आसपासचा पट्टा धरा. शेजारची दुसरी सायकल हिच्याही आधीची. कंदिलाच्या उजेडात तिच्या हँडलची झाक पिवळसर दिसते, क्रोमची निळसर असते. हे निकेल. क्रोमचा मुलामा सायकलींवर १९३० च्या आसपास रुळला, त्याआधी सगळं निकेलच. १५ ऑक्टोबर १९२३ ला मुंबईहून निघून १८ मार्च १९२८ ला जगप्रदक्षिणा करून परतलेले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तीन पारशी तरुण याच निकेलच्या काळातले. एकाहत्तर हजार किलोमीटर, सिनाईचं वाळवंट, आल्प्स, कोरिया, सगळं सायकलवर. त्या दिवसांतल्या सायकलीचं साल ओळखायला भिंग कमी पडतं, कागद लागतात. जुने कॅटलॉग, पावत्या, फोटो.

आता आपल्या दिवसात परत या. तुमची स्वतःची सायकल जेटीवर उभी आहे, मालाडच्या भंगारवाल्याकडून घेतलेली, ‘लंडनची आहे, शंभर वर्षांची’ असं त्यानं सांगितलेली. वर्सोव्याला जाणाऱ्या बोटीत सायकली चढतात, त्यामुळे निघायची घाई नाही. ती उलटी करा.

हब एडब्ल्यू, ५८ आणि ३. चेनव्हील तीन बंदुकांचं, पण पायडलवर आयएसआय. सीट रेक्झिनची, अलीकडची. पुढच्या फोर्कला स्क्रूनं बसवलेला पितळी बिल्ला. गावोगावच्या नगरपालिका सायकलवर कर घेत आणि तो भरल्याची खूण म्हणून दर वर्षी वेगळ्या आकाराचा बिल्ला देत, त्यावर साल असे. हा गंजत नाही, हिरवा पडतो फक्त. लिंबानं घासू नका, रॉकेलच बरं. १९६७-६८ असं वाचता येतं, आणि वर गावाचं नाव, ते मुंबईचं नाही. म्हणजे ही सायकल मढची नव्हे, देशावरून कधीतरी खाली आलेली.

वही काढा. एका ओळीत एकच भाग, त्यापुढे त्याचं साल, त्यापुढे ते कशावरून कळलं: ठोकलेला आकडा, शिक्का, झीज की नुसता अंदाज. फ्रेमपुढची जागा रिकामी ठेवा. तीन बंदुकांवरून ती बर्मिंगहॅमची की अंबत्तूरची ते ठरत नाही. भारतात टीआयनं बीएसए काढायला सुरुवात केल्यावर तेच नाव इथल्या सायकलींवर आलं. त्यासाठी चेनव्हीलचा आणि सांध्यांचा फोटो घेऊन पुण्याला कर्वेनगरात विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयात जायचं. कितीतरी जुन्या सायकली तिथे भागांसकट उभ्या आहेत, शेजारी शेजारी धरून बघता येतं.

आणि तोवर रंगाऱ्याकडे नेऊ नका. बुडाखालच्या नंबरावर खडू फिरवून, तिरका उजेड पाडून फोटो काढून ठेवा. पावडर-कोटिंगवाला आधी सँडब्लास्ट करतो, आणि इतकी वर्षं गंजाला पुरून उरलेला उथळ ठसा त्या वाळूच्या फवाऱ्यापुढे टिकेलच असं नाही.